साचेवाल्यांची मागणी

साचेवाले,

तुम्हाला पत्र वाचायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. वहिनी मोठ्यानं वाचतील आणि तुम्ही मध्येच "पुढे, पुढे" म्हणाल. मीही नमनाला घडाभर तेल घालणाऱ्यांतली नाही, तेव्हा जमेल.

लिहायचं कारण असं, की तुमच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. संस्थेचे चिटणीस सांगतात, साचेवाल्यांना संगणक झेपला नाही म्हणून त्यांनी काम सोडलं. चालण्याचा व्यायाम करून घेणारी ती उंच मुलगी सांगते, संगणकानं साचेवाल्यांचं काम खाल्लं. दोघंही त्या वेळी खोलीत नव्हती. मी होते. पाय माझा होता.

तुम्ही कृत्रिम पाय बनवत होता, पण तुम्हाला कुणी पायवाले म्हणालं नाही. पाय म्हणजे नुसती दांडी आणि खालचं पाऊल. ते तयार मिळतं. खरं काम वरच्या वाटीचं, ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो. ती बसली तर माणूस चालतो, नाही तर पाय कपाटात आणि माणूस खाटेवर. वाटीसाठी साचा लागतो, म्हणून तुम्ही साचेवाले.

खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला चिकटून. एका भिंतीशी दोन समांतर दांड्या, त्यांच्यामधून धरून धरून चालायचं आणि टोकाच्या आरशात स्वतःचं तोंड बघायचं. खिडकीखाली वहिनींचं शिलाई मशीन. पट्टे, मोजे, गुडघ्यावर चढवायची कापडी आवरणं, सगळं त्या शिवत. कोपऱ्यात टेबलावर संगणक, प्लॅस्टरची धूळ बसू नये म्हणून त्याला उशीचा अभ्रा घातलेला. अभ्र्यावर गुलाब. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, आत कोंबडी झाकली असेल.

माझा पाय गुडघ्याखाली साखरेनं गेला. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, बल आणि दाब यांतला फरक पोरांच्या डोक्यात घालताना घसा कोरडा पडला, आणि शेवटी स्वतःच कुबड्या घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही नाव विचारलं नाहीत, वय विचारलं नाहीत.

"ईमेल आहे का?"

"आहे. पण पायाचा आणि ईमेलचा काय संबंध?"

"आहे संबंध. आधी एक मत द्या, मग माप घेतो."

"कसलं मत? मी निवडणुकीतलं काही करणार नाही, आधीच सांगते."

"देऊन टाका बाई," वहिनी मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. "नाही दिलंत तर माप ढिलं घेतील."

तुम्ही अभ्रा काढलात, एक पान उघडलंत. एका क्लाउड कंपनीचं, ग्राहकांनी मागण्या मांडायचं पान. सगळ्यात वर तुमची लाडकी मागणी: लिनक्सच्या डेस्कटॉपवर फाईल आपोआप सिंक व्हाव्यात असा प्रोग्रॅम द्या. खाली लोकांची रांग. मी म्हटलं, मला कळेल अशा भाषेत सांगा.

"इथे माझ्या यंत्रात एक फोल्डर. संस्थेच्या मुख्य केंद्राच्या यंत्रात तोच फोल्डर. मी इथे रेघ हलवली की तिथेही हलली पाहिजे, मी काही न करता. विंडोजवाल्यांना ही सोय आहे, मॅकवाल्यांना आहे, फोनवाल्यांना सुद्धा आहे. लिनक्सवाल्यांनी काय घोडं मारलंय?"

"मग विंडोज घ्या."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी पहिल्या वर्षाच्या पोराकडे बघायची. वहिनी हसल्या. "सगळे हेच म्हणतात, बाई. आणि सगळ्यांना पुढचं अर्धा तास ऐकावं लागतं."

मी ऐकलं. तुमच्या हातातला तो स्कॅनर, पायावरून फिरवला की पडद्यावर पाय उमटवणारा, तो कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा. कारखान्याबरोबर त्याचे प्रोग्रॅमही बुडाले. मग कुण्या परक्या माणसानं हौसेनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तेवढाच एक त्या स्कॅनरशी बोलतो, आणि तो चालतो फक्त लिनक्सवर. नवा स्कॅनर घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. म्हणजे अडला हरी झाला. मी मत दिलं. पायाला माप मिळालं.

माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकानं मत दिलं. रंगारी, शिपाई, निवृत्त वाद्यवादक, एक लग्न ठरलेली मुलगी. अर्ध्यांना लिनक्स हे औषधाचं नाव वाटत होतं. एका आजोबांनी विचारलं, "हे निवडून आले तर पाय फुकट मिळणार का?" तुम्ही न हसता म्हणालात, "आले तर माझे दुपारचे कष्ट वाचतील. तुमचा पाय आहे त्याच किमतीत."

या कामात येण्यापूर्वी तुम्ही कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवायचात. वडिलांचाच धंदा. काचेमागे उभे असतात ते, नाक सरळ आणि पोट सपाट. पुढे बाहेरून हलके, स्वस्त पुतळे यायला लागले आणि धंदा बसला. दवाखान्याला प्लॅस्टरचं काम येणारा माणूस हवा होता. "पुतळा तक्रार करत नाही," तुम्ही मला सांगितलंत, "म्हणून त्याचा पाय सुंदर असतो." पहिल्या वर्षी तुम्ही माणसांनाही सुंदर पाय दिलेत आणि माणसं रडली. मग तुम्ही सुंदरपणा सोडलात. पण पुतळ्यांच्या कारखान्यातली एक सवय तुमच्या हातात तशीच राहिली, आणि तिच्यावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून ती नीट सांगते.

तुम्ही आधी खोदत होता. प्लॅस्टरचा साचा असो की पडद्यावरचा, आधी सगळीकडून आत घ्यायचं, भीती वाटेल इतकं घट्ट. मग चष्मा काढायचा, डोळे चोळायचे, आणि हाडं जिथे जिथे वर येतात तिथे भर घालायची, म्हणजे वाटीत तेवढी मोकळी जागा होते. तुम्ही त्याला "हाडाला जागा देणं" म्हणायचात. आधी घट्ट, मग जागा. अर्ध्यावर बघितलं तर तुमचा साचा म्हणजे छळाचं साधन असायचं.

तो साचा पूर्ण झाला की तुम्ही ब्राउझर उघडून फाईल हातानं क्लाउडवर चढवायचात. मुख्य केंद्रातलं कोरायचं यंत्र त्या फाईलवरून फोमचा ठोकळा कोरायचं, त्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढलं जायचं, आणि वाटी गाडीनं तुमच्याकडे यायची. फाईल चढवताना पट्टी हळूहळू सरकायची आणि तुम्ही तिला शिव्या घालायचात. कधी मध्येच अडकायची, पुन्हा पहिल्यापासून. "घोडं पेंड खातंय," असं म्हणत तुम्ही चहा मागवायचात.

मग चिटणीस आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड, पँटची इस्त्री कधी मोडत नाही असे. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं: नव्या वर्षापासून सगळ्या शाखांच्या कामाच्या फाईली मुख्य केंद्रात आपोआप दिसल्या पाहिजेत. कामाचा फोल्डर तोच, दोन्हीकडे. ज्या शाखेला जमणार नाही तिचं साचेकाम मुख्य केंद्र स्वतः करील.

"आणि मी?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही मापं घ्यायची. स्कॅन करून पाठवायचं. काम हलकंच होईल तुमचं." आणि मग ते वाक्य आलंच, "साचेवाले, काळाबरोबर चालायला हवं."

"चालायलाच शिकवतात हे सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. चिटणीसांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं.

त्या दिवसापासून मागणी हा तुमचा छंद राहिला नाही. साचे हातचे जाणार होते. दुसरं तुम्हाला काही येत नव्हतं आणि तुम्हाला ते कबूल होतं. रोज सकाळी अभ्रा काढला की आधी ते पान. तिथली माणसं तुम्हाला नातेवाइकांसारखी झाली होती. कुठल्या तरी देशातला चर्चमधले मोठे ऑर्गन दुरुस्त करणारा एक, त्याला तुम्ही "आपला बाजावाला" म्हणायचात. एक मधमाश्या पाळणारी बाई. एकानं लिहिलं होतं, मी ही मागणी केली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आता ती स्वतः मत देऊन गेली आहे. कंपनीचं उत्तर दरवेळी तेच: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, सध्या आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

"मोलाचा आहे म्हणे," तुम्ही म्हणायचात.

"पालथ्या घड्यावर पाणी आहे हो," मी म्हणायची. मी तेव्हा व्यायामाला रोज येत होते, त्यामुळे माझं मत मी रोज देत असे, न विचारता.

कंपनीनं काही केलं नाही. केलं ते बाजावाल्यानं. त्यानं पानावर लिहिलं की काही लोकांनी मिळून आपलं आपणच एक प्रोग्रॅम तयार केला आहे, कंपनीच्या क्लाउडशी तो बोलतो, फुकट आहे, करून बघा. तुम्ही दोन दिवस त्यावर बसलात. वहिनींनी डबा उघडून पुढे ठेवला तरी बघितलं नाहीत. आणि एका सकाळी फोल्डरवर हिरवी खूण उमटली. मुख्य केंद्राला फोन करून तुम्ही विचारलंत, "दिसतंय का?" पलीकडून उत्तर आलं, "काय दिसायचंय? सगळंच दिसतंय."

त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बिस्किटं वाटलीत. चिटणीसांनी येऊन हिरवी खूण पाहिली आणि पाठ थोपटली. लिनक्स असलेल्या एकट्या शाखेनं अट सगळ्यांच्या आधी पुरी केली होती. तुम्ही फुगला होतात आणि ते तुम्हाला शोभत नव्हतं.

त्याच सुमारास माझी वाटी ढिली झाली. कापलेला पाय हळूहळू सुकतो. मोज्यांवर मोजे चढवून किती दिवस भागवणार? तुम्ही नवं स्कॅन घेतलंत आणि मी खुर्चीत बसून तुमचं काम पाहिलं. पडद्यावर माझा उरलेला पाय राखाडी मुळ्यासारखा दिसत होता. तुम्ही खोदत गेलात. खोदून झालं, वीज जाईल या धास्तीनं तुमच्या सवयीप्रमाणे फाईल सेव्ह केलीत, आणि वहिनींनी हाक मारली म्हणून जेवायला गेलात. मी घरी गेले. जेवून येऊन तुम्ही हाडाला जागा दिलीत, पुन्हा सेव्ह केलंत, काम संपलं.

पुढच्या आठवड्यात वाटी आली. मी दांड्यांच्या मध्ये उभी राहिले, भार टाकला आणि लगेच दांडीवर लोंबकळले.

"कुठे?"

"बाहेरच्या बाजूला. गुडघ्याखालची हाडाची गाठ आहे ना, तिथे कुणी तरी खिळा ठोकतंय."

तुम्ही वाटी काढलीत. गाठीवर लालभडक वळ उठला होता. वाटीत अंगठा घालून तुम्ही आतून फिरवलात, हाड जिथे यायला हवं तिथे थांबवलात, पुन्हा फिरवलात. मग टेबलाशी जाऊन फाईल उघडलीत.

"फाईल बरोबर आहे."

"मग माझा पाय चुकलाय का?"

"थांबा हो बाई." तुम्ही मुख्य केंद्राला फोन लावलात. यंत्रावरच्या माणसानं सांगितलं, फोल्डरमध्ये नवी फाईल दिसली की आम्ही ती घेतो आणि कोरायला लावतो. तुमची दुपारी दिसली, घेतली. नंतर तीच फाईल बदलली असेल तर आम्हाला काय माहीत? तुम्ही फोन ठेवलात. वाटी मांडीवर धरून बसलात.

"साचा माझाच आहे," तुम्ही म्हणालात. "पण जेवायच्या आधीचा."

लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. तुम्ही तो माझ्या पायावर मारलात, आणि माझ्याकडे जादा पाय नव्हता. हे मी तुम्हाला तेव्हाच ऐकवलं, आता पुन्हा लिहिते कारण वहिनी त्यावर हसल्या होत्या आणि तुम्ही हसला नव्हतात.

आता मी शिक्षिका. मला चूक दिसली की तिचा उपाय सांगितल्याशिवाय बसवत नाही. मी म्हटलं, सोपं आहे, वेगळ्या फोल्डरमध्ये काम करा, पूर्ण झालं की सिंकच्या फोल्डरमध्ये टाका. तुम्हाला पटलं. तुम्ही तसं केलंत आणि दोन-तीन साचे सुखरूप गेले. मग चिटणीस आले. त्यांच्याकडे मुख्य केंद्राची तक्रार होती: या शाखेच्या फाईली हल्ली एकदम पूर्ण होऊनच येतात, मधलं काम दिसत नाही.

"मधलं दिसून काय करायचंय?" तुम्ही विचारलंत. "मधलं चुकीचंच असतं. या बाईंना विचारा."

"साचेवाले, अट आपोआपची आहे. कधी पाठवायचं ते तुम्हीच ठरवणार असाल तर मग आधी काय वेगळं होतं?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात. आणि मग, जणू तुम्हालाच ते आत्ता कळत होतं, "आधी बरोबर होतं."

"आधी तर तुम्ही त्याच्या नावानं शिव्या घालत होता. सगळ्या दवाखान्याची मतं गोळा केलीत."

चिटणीसही वाईट माणूस नव्हते. त्यांना वरून सांगितलेलं ते खाली सांगत होते. त्यांनी फक्त एवढंच ठेवलं: नव्या वर्षापासून कामाचाच फोल्डर सिंकमध्ये हवा. नाही तर साचे मुख्य केंद्रात.

ते गेल्यावर मी दुसरा उपाय सांगितला. क्रम उलटा करा. आधी हाडाला जागा द्या, मग घट्ट करत या. म्हणजे अर्ध्यावर कुणी फाईल उचलली तर वाटी ढिली निघेल, चावणार तरी नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं माझं म्हणणं चोख होतं, आजही आहे. तुम्ही माझ्याच पायावर करून बघितलंत. पहिला साचा ढिला, दुसराही ढिला, तिसरा बरा पण गुडघ्यात वाटी गोल फिरायची.

"पुन्हा करा," मी म्हटलं.

"नाही व्हायचं. आधी जागा दिली की मग दाबताना हात माया करतो."

"मग हाताला सांगा."

"तुम्ही सांगा," तुम्ही हात माझ्यापुढे धरलात. वहिनी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सांगतेय, तो ऐकत नाही." पण त्याही मशीन थांबवून बसल्या होत्या.

त्यांनीच मग तिसरा उपाय सुचवला. दाखवायला एक फोल्डर, खरं काम दुसऱ्यात. अधूनमधून काही तरी अर्धवट तिकडे टाकत राहायचं, त्यांचं समाधान. तुम्ही नकार दिलात. "साचा काय चोरीचा माल आहे लपवायला?" मला तो नकार फार शहाणपणाचा वाटला नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. नोकरी टिकली असती. पण अर्धवट साचा जाणूनबुजून यंत्रापुढे ठेवायचा आणि तो कुणाच्या पायावर चढतो ते बघत बसायचं, हे तुमच्याकडून झालं नसतं, एवढं मला तुम्हाला मांडीवर वाटी धरून बसलेलं पाहिल्यामुळे कळतं.

नवं वर्ष यायच्या आधी तुम्ही त्या मागण्यांच्या पानावर शेवटचं लिहिलंत. मला बाजूला बसवून शब्द नीट करून घेतलेत. मागणी अशी होती की सिंकमध्ये "अजून नाही" असं एक बटण असावं: फाईल सेव्ह होईल पण माणूस म्हणेपर्यंत कुठे जाणार नाही. खाली लोकांनी टर उडवली. इतकी वर्षं आपोआप हवं म्हणून ओरडलात, आता आपोआप नको? एकानं लिहिलं, यालाच हातानं चढवणं म्हणतात, आजोबा. बाजावाल्यानं तेवढं लिहिलं की सूर लावताना मीही कुणाला आत येऊ देत नाही.

तुम्ही ते वाचलंत, प्रोग्रॅम बंद केलात आणि फोल्डरवरची हिरवी खूण गेली. चिटणीसांना फोन तुम्हीच केलात. आवाज नेहमीचाच होता. "जमत नाही," म्हणालात. "साचे तुमच्याकडे घ्या." संगणक झेपला नाही ही चिटणीसांची गोष्ट या फोनमधून निघाली, तुम्ही कारण सांगितलं नाहीत आणि त्यांनी विचारलं नाही.

पुढे काही महिने तुम्ही स्कॅन करून पाठवत राहिलात. साचे मुख्य केंद्रात दोन तरुण मुली करतात. मी त्यांच्या हातची वाटी घालणारी माणसं पाहिली आहेत. ती चालतात. तुमच्या वाटीतही चालत होती. कुणी मला विचारतं, फरक काय? मी सांगते, मला माहीत नाही, मी मोजलेलं नाही. मग एक दिवस तुम्ही स्कॅनर वहिनींनी शिवलेल्या पिशवीत घालून चिटणीसांच्या टेबलावर ठेवलात आणि घरी गेलात.

माझी चावणारी वाटी तशीच पडून होती आणि मी पुन्हा कुबड्यांवर. बरोबर फाईल पुन्हा कोरून घ्यायची तर मुख्य केंद्राची तारीख लांबची. तेव्हा तुम्हीच निरोप धाडलात, घरी या. तुमच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या टेबलावर पाय टेकवून तुम्ही प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्यात आणि त्या खोळीत प्लॅस्टर ओतून साचा काढलात. संगणक नाही, स्कॅनर नाही. आधी खोदलंत, मग चष्मा काढलात, मग हाडाला जागा दिलीत. मध्ये वहिनींनी जेवायला बोलावलं आणि आपण तिघं जेवलो, अर्धा साचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाळत उभा. साच्यावर तापवलेलं प्लॅस्टिकही तुम्हीच ओढलंत, आणि वाटी बसली. आज मी त्याच वाटीवर उभी राहून स्वयंपाक करते, आणि हे लिहिते आहे ते मात्र बसून.

एवढंच राहिलं. गुडघ्याच्या मागच्या बाजूला वाटीची कड थोडी उंच आहे. बसलं की कपडा अडकतो, दोन गाऊन फाटले. मी तेव्हाच म्हटलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "कानस सापडत नाहीये. सापडली की मी येतो, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, मीच येते, तुम्ही कुठे जिने चढता. तुम्ही म्हणालात, नाही, मी येतो. मग तुम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलात. कड अजून तशीच आहे.